आजीचं बोट आणि एम.टेक.

काल शनिवार. सकाळी सहाला धनकवडीतून बाईक काढली, कात्रजचा घाट, खेड शिवापूर (बाईकला टोल नाही, हे एक सुख), चेलाडीला उजवीकडे वळून नसरापूर, मार्गासनी आणि मग वेल्हे. कागदोपत्री तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीच्या कंडक्टरपासून माझ्या मामापर्यंत सगळे अजून वेल्हंच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. वाटेत तोरण्याला निघालेल्या गाड्यांची ही रांग! त्यातले अर्धे माझ्यासारखेच हिंजवडीचे असणार. मी मात्र डोंगर चढायला गेलो नव्हतो. मामाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

गोष्ट अशी, की मला एम.टेक.ला प्रवेश मिळालाय. बायोमेडिकल इंजिनिअरिंग. पुढच्या शुक्रवारपर्यंत फी भरायची, आणि भरली तर कंपनीत राजीनामा द्यायचा. वय वर्षं अठ्ठावीस, अनुभव सहा वर्षं, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता नाही (अजून!), आणि आईच्या मते लग्नाचा बाजारभाव उतरायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

मामा ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "म्हंजी आता डागदर व्हनार का तू?"

"नाही मामा. डॉक्टर वापरतात ती यंत्रं असतात ना, त्यांचं शिक्षण."

"मंग दुरुस्ती करनार?"

मी हसलो खरा, पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आजचा लेख त्याच्यावरच आहे.

आधी थोडं मागे जातो. २०२१ चा जुलै महिना, भातलावणीचे दिवस. करोनाची दुसरी लाट ओसरली होती, पण धास्ती गेली नव्हती. आजीला दोन दिवस कणकण होती, तरी ही बाई खाचरात उतरायची राहिली नाही. (आमच्याकडे ताप हे लावणी चुकवायचं कारण मानत नाहीत.) दुपारी आशाताई घरोघरी तपासणी करत आल्या. आजी तशीच खाचरातून बांधावर आली, हात जरा पुसले आणि बोट पुढे केलं. ऑक्सिमीटरवर आकडा आला ८३. पुन्हा लावला, ८१. तिसऱ्यांदा नुसत्या रेघाच.

त्यानंतरचे तीन तास आमच्या घरात अजून कोणी नीट बोलत नाही. मामाने शेजारच्याची जीप काढली. पावसात साठेक किलोमीटर. मी पुण्यातून बेडसाठी फोन लावत होतो आणि मामी मागच्या सीटवर आजीला धरून रडत होती. आजी मात्र सारखी म्हणत होती, की मला काही झालं नाही, रोपं उन्हात राहिली. (ऊन नव्हतंच, पण असो.) पुण्यात एका दवाखान्यात पोचलो, तिथल्या सिस्टरने आजीचे हात टॉवेलने कोरडे केले, दोन मिनिटं चोळले आणि मग ऑक्सिमीटर लावला. ९७. ताप साधा होता, चार दिवसांत उतरला. जीपचं भाडं आणि तपासण्यांचा खर्च मिळून मामाचे लावणीच्या मजुरीचे पैसे गेले. ती लावणी त्या वर्षी आठवडाभर उशिरा झाली.

मी इंजिनिअर माणूस. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर हे यंत्र चालतं कसं ते वाचलं. तोपर्यंत माझ्या लेखी ते बोटाला लावायचं एक चिमट्यासारखं खेळणं होतं. त्यात दोन दिवे असतात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. आता बोटात कातडी आहे, हाड आहे, नीलेतलं रक्त आहे, ते सगळंच प्रकाश अडवतं. मग धमनीतलं रक्त वेगळं काढायचं कसं? तर नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमीजास्त होतो, तेवढाच धमनीचा समजायचा आणि बाकीचं स्थिर म्हणून सोडून द्यायचं. ही कल्पना ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. हा माणूस डॉक्टर नव्हता. तो मुळात दुसरंच काहीतरी मोजत होता, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्याच्या आलेखात कचरा येत होता. तो कचरा काढताना त्याच्या लक्षात आलं, की कामाची गोष्ट कचऱ्यातच आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे सगळं जग त्याचं यंत्र बोटाला लावून बसलेलं असताना, तो वारला.

आता आजीचं बोट बघा. चार तास गार पाण्याच्या चिखलात. बोटाच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, नाडीचा ठोका बोटापर्यंत जेमतेम पोचतोय. म्हणजे ज्या बारीक चढउतारावर सगळं गणित उभं आहे तो चढउतारच नाही. अशा वेळी यंत्राने "मला समजत नाही" म्हणायला हवं. पण स्वस्तातलं यंत्र तसं म्हणत नाही, आकडा दाखवतं. आणि आकडा दिसला की आपला त्याच्यावर विश्वास बसतो. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे हे मला फारच ओळखीचं वाटलं. इनपुट तपासायचं नाही आणि आउटपुट मात्र ठणकावून द्यायचं!

पुढे वाचत गेलो तर याहून गंभीर गोष्ट सापडली. हे यंत्र कॅलिब्रेट करताना निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांचं रक्त तपासतात आणि त्यावरून आकड्यांचा तक्ता बनवतात. हे स्वयंसेवक बहुतेक गोरे असत. २०२० च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवतोय, पण रक्त काढून बघितलं तर ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा झालं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे आमच्या आजीच्या बरोबर उलटी चूक. आजीची चूक पैसे घेऊन गेली, ही चूक जीव घेऊन जाते. आता मला सांगा, वेल्ह्याच्या उन्हात साठ वर्षं रापलेल्या कातडीवर आणि लावणीतल्या गार बोटांवर हे यंत्र कोणी तपासून बघितलं असेल?

इथून माझं वेड सुरू झालं. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर असतो हे मला तेव्हा कळलं. त्यात सर्किट्स आहेत, सिग्नल्स आहेत, सेन्सर्स आहेत, आणि त्याच पेपरात शरीररचना, बायोमेकॅनिक्स, इमेजिंग, शरीरात बसवायची मटेरियल्स असं सगळं आहे. पहिल्या वर्षी मी सपशेल आपटलो. इंजिनिअरिंगला ज्या सिग्नल्सच्या पेपरात मी काठावर पास झालो होतो, तोच पेपर ईसीजीच्या रूपात समोर आला तेव्हा मात्र चक्क आवडला. फूरियर साहेबांनी चार वर्षं छळलं ते हृदयासाठी होतं, हे कोणी तेव्हा सांगितलं असतं तर! आमच्या कॉलेजात त्या विषयाला उदाहरण म्हणून आयुष्यभर एक चौकोनी लाट होती. दुसऱ्या वर्षी मात्र पेपर बरा गेला, म्हणून तर आज ही ऑफर हातात आहे.

आता मूळ मुद्दा. माझं मत असं आहे, की आपल्याकडे बायोमेडिकलचं पदव्युत्तर शिक्षण वाईट नाही, पण ते चुकीच्या ठिकाणी बसून दिलं जातं. प्रयोगशाळा शहरात, रुग्णालय जोडलेलं असलंच तर तेही शहरातलं मोठं, जिथे एसी चालू आहे, वीज जात नाही, आणि यंत्र बिघडलं तर कंपनीचा माणूस संध्याकाळपर्यंत येतो. अशा जागी जे प्रश्न दिसतात त्यांचीच उत्तरं विद्यार्थी शोधणार. म्हणून दर दुसरा प्रबंध एमआरआयच्या चित्रात गाठ ओळखणाऱ्या अल्गोरिदमवर असतो. मला त्याबद्दल आकस नाही, उद्या मीही कदाचित तेच करीन. पण भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांतून एमआरआय शोधत हिंडलात, तर फार वेळ लागेल.

"पण संशोधन म्हणजे हाय-टेक असायला नको का?" असं आमच्या ऑफिसातला एक मित्र म्हणाला. त्याला मी घाटापलीकडची गोष्ट सांगितली. भोरहून वरंधा घाट उतरलं की बिरवाडी आणि पुढे महाड. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की तरणीताठी माणसं आणि लहान मुलं मरत, आणि का मरतात हे नीट कोणाला माहीत नव्हतं. बावसकर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांची नोंद करत राहिले. विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी होतं, हे त्यांनी ओळखलं. १९८२ मध्ये त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीने विंचूदंशाचे मृत्यू त्यांनी कुठल्या कुठे खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता यात हाय-टेक काय होतं? रक्तदाबाचा पट्टा, स्टेथोस्कोप आणि झोप न घेणारा माणूस. जगाला माहीत नसलेली गोष्ट बिरवाडीत बसल्यामुळे सापडली, मुंबईत बसून ती सापडली नसती, कारण विंचू बिरवाडीत होते!

तीच गोष्ट जयपूर फूटची. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय केला, कारण बाहेरून आलेला कृत्रिम पाय बुटासाठी बनवलेला होता. आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. आमच्या मामाच्या खाचरात बूट घातलेला पाय काय कामाचा? पुण्यात वानवडीला १९४४ पासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. आपल्या शहरात ही परंपरा आपल्या आयटीच्या कितीतरी आधीची आहे, आणि आपल्याला फक्त हिंजवडीचा ट्रॅफिक माहीत.

आणि ज्यांना हाय-टेकच हवंय त्यांच्यासाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था. तिथे डॉ. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली. पहिली तीन मॉडेल्स फसली. चौथं जमलं आणि डिसेंबर १९९० मध्ये ते पहिल्यांदा माणसात बसवलं. एका झडपेसाठी तीनदा नापास व्हायची मुभा देणारी संस्था आपल्याकडे होती, हे मला त्या झडपेपेक्षा मोठं वाटतं. हीच श्री चित्रा, आयआयटी मद्रास आणि वेल्लोरचं सीएमसी मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. चालवतात, ज्यात विद्यार्थ्याला रुग्णालयात प्रत्यक्ष राहून शिकावं लागतं. आपल्या मुंबईत आयआयटीतलं बेटिक २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअरना एका टेबलावर बसवतंय. म्हणजे वाट दाखवणारे आहेत. मला फक्त ती वाट आणखी साठ किलोमीटर पुढे, चेलाडीला उजवीकडे वळायला हवी आहे.

कारण तिथे काय दिसतं ते सांगतो. गेल्या डिसेंबरात मी या दोन तालुक्यांतल्या एका आरोग्य केंद्रात गेलो होतो. कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या सिस्टर भल्या आहेत आणि दोष त्यांचा नाही. कोपऱ्यात नवजात बाळाला ऊब देणारं वॉर्मर होतं, त्यावर चादर, चादरीवर औषधांचे खोके. मी विचारलं, "बिघडलंय का?" सिस्टर म्हणाल्या, "मशीन चांगली आहे दादा, पण बाळाला चिकटवायची ती वायर तुटली, मग ती ओरडायला लागते." ती वायर म्हणजे तापमानाचा प्रोब. मशीनच्या किमतीपुढे अगदी किरकोळ वस्तू. प्रोब नसला की अलार्म वाजतो, अलार्म वाजला की मशीन बंद, मशीन बंद म्हणजे टेबल. मधल्या काळात जन्मलेली बाळं? "आईच्या छातीशी धरायला सांगतो आम्ही." (हा उपाय खरंच चांगला आहे, बरं का. पण आईच बेशुद्ध असेल तर?)

त्याच खोलीत लसींचा आईस-लाईन्ड फ्रिज होता आणि तो उत्तम चालू होता. त्याची गंमत अशी, की भिंतींत बर्फाचं अस्तर असल्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो लशी २ ते ८ अंशांत ठेवू शकतो. ज्या कोणी हा फ्रिज डिझाईन केला त्याला वीज जाते हे माहीत होतं. वॉर्मर ज्याने बनवलं त्याला वायर तुटते हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून काही वाटलं नाही. पुढची पाच वर्षं मी या एका फरकावर घालवली तरी मला चालेल.

हे एकट्या भोर-वेल्ह्याचं रडगाणं आहे असंही नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला, त्याआधीच्या पाहणीत निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद आढळली होती. मग नियम ठरला, की जिल्हा रुग्णालयात उपकरणं ९५ टक्के वेळ चालू हवीत, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. हे वाचताना मला आमच्या सर्व्हरचे करार आठवले. आमच्याकडे एखाद्या अमेरिकन दुकानाची वेबसाईट ९९.९ टक्के चालायला हवी म्हणून मी रात्री तीनला उठलोय. बाळाच्या वॉर्मरला ८० चालतं. असो, ८० तरी मिळावेत.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून लिहिणं बरं नाही. माझा एक कॉलेजचा मित्र हेच एम.टेक. करून आला. दोन वर्षं १२,४०० रुपये स्टायपेंडवर काढली, प्रबंध चांगला झाला, आणि नोकरी शोधायला लागल्यावर कळलं, की बहुतेक कंपन्या बाहेरून यंत्रं आणून विकतात. त्यांना विकणारा हवा होता, नाहीतर बसवून देणारा. बनवणारा फारसा कोणाला नको होता. तो आज माझ्याच इमारतीत, तीन मजले वर, एका बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. त्याला विचारलं तर म्हणाला, "ती दोन वर्षं चांगली होती रे. पण घरी सांगताना तोंड कसं होतं ते तुला कळेल." वर नियमांचं जंगल आहे. २०१७ चे उपकरण नियम, अ ते ड असे धोक्याचे चार वर्ग, चाचण्या, परवाने. नियम हवेतच, त्यांच्याशिवाय पुन्हा आजीच्या बोटावरचा ८३ आकडा येणार. पण एकट्या पोराला ते झेपत नाहीत, आणि पदवीत ते धड कोणी शिकवतही नाही.

म्हणून मी जर हा अभ्यासक्रम ठरवणारा असतो (नाहीये, काळजी नसावी), तर पहिल्या सत्राच्या आधी दीड महिना प्रत्येकाला अशा एखाद्या केंद्रात पाठवला असता. काही बनवायचं नाही, काही सुचवायचं नाही, फक्त वही घेऊन बसायचं. कुठलं यंत्र किती वेळ चाललं, का बंद पडलं, कोणी कोणाला फोन केला, किती दिवसांनी माणूस आला. आणि पावसाळ्यात पाठवायचं, हिवाळ्यात नाही. मढे घाटाच्या बाजूला जुलैत चार दिवस लाईट नसते तेव्हा काय चालतं आणि काय नाही हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर समजतं. आणि शेवटच्या परीक्षेत एक बिघडलेलं यंत्र समोर ठेवायचं. दुरुस्त झालं तर पास. आमच्या मामाने विचारलेला प्रश्न मला सुरुवातीला कमीपणाचा वाटला होता, हे कबूल करतो. इंजिनिअरिंगमध्ये दुरुस्तीला आपण खालच्या पायरीवर बसवलंय, डिझाईन म्हणजे वरचं काम. पण तुटलेली वायर हातात घेतल्याशिवाय न तुटणारी वायर सुचणार कशी?

दुपारी जेवणं झाली. इंद्रायणीचा भात, वरण, आणि मामीने मुद्दाम केलेली नाचणीची भाकरी. मामा अंगणात बसला होता. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण तिने ऐकलं होतंच.

"किती वर्सं?" तिने विचारलं.

"दोन."

"पगार?"

"नाही. थोडे पैसे मिळतात."

तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग आपला हात पुढे केला, कोरडा, उन्हात शेकलेला. म्हणाली, "आन् त्यो चिमटा आनलास का? बघ बरं आता किती हाय."

माझ्या सॅकमध्ये होता. २०२१ पासून असतोच. लावला. ९६.

"मंग," मामाकडे बघून आजी म्हणाली, "उगा जीप केली व्हतीस."

रात्री परत आलो. राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. आईला उद्या सकाळी सांगणार आहे, चहा झाल्यावर.